जहाजबांधणीत मॅनेजमेंट कंट्रोल सिस्टीम नक्की कशी बदलत जाते?

तुझा प्रश्न असा आहे की जहाजबांधणी उद्योगात मॅनेजमेंट कंट्रोल सिस्टीम (काम, खर्च आणि वेळ ताब्यात ठेवायची व्यवस्था) कशी विकसित होत जाते, कॉलेजात शिकवतात तसं आधी बजेट, मग व्हेरियन्स (ठरवलेल्या आणि झालेल्या खर्चातला फरक), मग ईआरपी (सगळ्या खात्यांचा हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) अशा पायऱ्या खरंच असतात का, आणि जोडीला हेही की गोव्यातल्या एखाद्या छोट्या यार्डाने आत्ताच ईआरपी घ्यावं का. मी यार्डात आधी प्लॅनिंग आणि मग कॉस्टिंग अशा दोन्ही खात्यांत बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे उत्तर लांबणार, सवडीने वाच.

आधी माझं मत सांगून टाकतो. अशा पायऱ्या मी तरी कुठल्या यार्डात पाहिल्या नाहीत. यार्डातला कंट्रोल दोन गोष्टी बदलल्या की बदलतो, एक म्हणजे जहाज कुठल्या तुकड्यांत बांधलं जातं आणि दुसरी म्हणजे यार्डाला पैसे कशावर मिळतात. बाकी रिपोर्ट, मीटिंगा, सॉफ्टवेअर हे सगळं त्यांच्या मागून येतं. ज्यांनी क्रम उलटा लावला, बांधायची पद्धत जुनीच ठेवून सॉफ्टवेअर आधी आणलं, त्यांच्याकडे नुसते कागद वाढले.

आता हे सगळं मोटारीच्या कारखान्यात लागू होत नाही ते का, एवढं समजून घे. जहाजाची किंमत ठरते तेव्हा त्याचं डिझाईन बऱ्याचदा पूर्ण झालेलं नसतं, बांधायला दोन-तीन वर्षं लागतात (युद्धनौकेला त्याहून खूप जास्त), एका डिझाईनची जहाजं मोजकीच, आणि किमतीतला अर्ध्याहून जास्त भाग इंजिन, पंप, केबल, स्टील अशा बाहेरून येणाऱ्या मालाचा. म्हणजे स्टँडर्ड कॉस्ट (एका नगाला किती खर्च यायला हवा तो आकडा) काढून त्याच्याशी दर महिन्याला तुलना करायची म्हटलं तर स्टँडर्डच कुठे नसतं. ही अडचण प्रत्येक पिढीने आपापल्या परीने सोडवली.

जुन्या काळी कंट्रोल म्हणजे एक माणूस. मुंबई गोदीत वाडिया मंडळींनी लवजी नसरवानजींपासून पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजं बांधली, त्यांतलं १८१७ साली जमशेटजी बमनजींनी बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. तिथे मास्टर बिल्डरच्या डोळ्यापुढे सगळं काम, लाकूड कुठलं घ्यायचं, कुठला सुतार कुठे लावायचा, सगळं त्याच्या डोक्यात. ईस्ट इंडिया कंपनीचा कंट्रोल एवढाच की विश्वासाचा माणूस निवडायचा, आणि ते चाललं कारण काम माणसाच्या नजरेत मावत होतं.

लोखंडी जहाजं आली तशी ही नजर अपुरी पडायला लागली. स्कॉटलंडच्या क्लाइड नदीवरच्या यार्डांत रिव्हेटवाल्यांच्या टोळ्या असायच्या, हातोडीवाले दोघं, मागून आधार धरणारा एक, रिव्हेट तापवणारा पोरगा एक, आणि पैसे मारलेल्या रिव्हेटवर. त्यासाठी रिव्हेट मोजणारा माणूस वेगळा. आपल्याला हे मागासलेलं वाटतं पण त्या परिस्थितीत ते फार शहाणपणाचं होतं, कारण जहाजांची मागणी दोन वर्षं धो धो आणि पुढची चार वर्षं ठणठणाट अशी असायची, मग ऑफिसात प्लॅनर आणि क्लार्कांची फौज पोसायची कोणी? म्हणून मालकाने कंट्रोल फोरमनवर आणि पीस रेटवर सोडला, ओव्हरहेड जवळपास शून्य, ऑर्डर नसली की माणसं घरी. माणसांवर फार क्रूर पद्धत होती ती, पण ती त्या धंद्याच्या चढउतारातून आली होती हे विसरू नकोस. मागणी स्थिर होऊन मोठ्या टँकरचे दिवस आल्यावर ब्रिटिश यार्डं मागे पडली त्यात या सवयीचा मोठा वाटा होता असं मला वाटतं, फोरमनच्या डोक्यातला प्लॅन कागदावर आणायची गरज त्यांना फार उशिरा पटली.

मोठा बदल आला दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत. लिबर्टी जहाजं एकूण २,७१० बांधली. रिव्हेटच्या जागी वेल्डिंग आणि जहाजाचे मोठे मोठे भाग वेगळ्या जागी तयार करून स्लिपवेवर (जिथून जहाज पाण्यात सोडतात त्या उतारावर) नुसते जोडायचे. सुरुवातीला एकेका जहाजाला आठ-आठ महिने लागत, नंतर सरासरी ४२ दिवसांवर आलं, आणि 'रॉबर्ट ई. पिअरी' तर कील (तळाचा कणा) टाकल्यापासून ४ दिवस १५ तासांत पाण्यात गेलं (ते प्रसिद्धीसाठी केलेलं होतं, रोजचं काम तसं नव्हतं). इथे मोठ्या प्रमाणावर असं झालं की यार्डाचा हिशोब 'जहाज किती झालं' असा न करता 'हा भाग कधी तयार होणार आणि क्रेनखाली कधी येणार' असा व्हायला लागला. सरकारी कमिशन यार्डायार्डांची तुलना करायचं, चांगलं उत्पादन देणाऱ्या यार्डाला झेंडा द्यायचं. आणि त्याच काळात १६ जानेवारी १९४३ ला 'स्केनेक्टडी' नावाचा नवा कोरा टँकर, लिबर्टी नव्हे तर टी-२ जातीचा, धक्क्याला शांत उभा असताना मधोमध तडकला. त्यात थंडीत ठिसूळ होणारं स्टील, चौकोनी कोपऱ्यांचं डिझाईन, वेल्डिंगमधले दोष अशी बरीच कारणं पुढे आली, सगळा दोष घाईला देणं चूक ठरेल. पण कंट्रोलच्या दृष्टीने बघितलं तर यार्डात मोजले जात होते दिवस आणि टन, वेल्ड किती चांगला बसला हे त्या मानाने फार थोडं मोजलं जात होतं.

आता जपान, आणि इथे मी रेंगाळणार आहे कारण आज जगातलं कुठलंही चांगलं यार्ड ज्या पद्धतीने चालतं ती इथे घडली.

'यामातो' ही प्रचंड युद्धनौका जिथे बांधली त्या कुरे इथल्या नाविक गोदीचा भाग १९५१ साली एका अमेरिकन टँकर मालकाच्या नॅशनल बल्क कॅरियर्स या कंपनीने भाड्याने घेतला. तिथे युद्धकाळात अमेरिकन उद्योगपती हेन्री कैसरच्या यार्डांत काम केलेला एल्मर हान आला, आणि जपानी बाजूला चीफ इंजिनिअर होते हिसाशी शिंतो. अमेरिकेची ब्लॉक पद्धत, म्हणजे जहाजाचे मोठे भाग (ब्लॉक) वेगळे बांधून जोडायची, जपान्यांनी उचलली पण तिथेच थांबले नाहीत. त्यांनी विचारलं की ब्लॉक जमिनीवर उलटा-सुलटा हातात असतानाच त्यात पाइप, केबलचे ट्रे, शिड्या, पंपांचे फाउंडेशन का नाही बसवायचे? भिंतीला प्लास्टर आणि रंग झाल्यावर नळाची लाइन टाकायला किती पसारा होतो ते आठव, तसंच ते. यार्डातले लोक एक-तीन-आठ म्हणतात, जे काम शॉपमध्ये १ तासात होतं त्याला ब्लॉकवर ३ तास लागतात आणि जहाजावर चढून करायचं म्हटलं तर ८. हा अंगठ्याचा नियम आहे, दर वेळी तंतोतंत बसेल असं नाही, पण यार्डातले बहुतेक निर्णय या एका वाक्यातून निघतात.

यातून कंट्रोलचं सगळं गणित फिरलं. पूर्वी ड्रॉइंग सिस्टीमप्रमाणे निघायची, म्हणजे अख्ख्या जहाजाची फायर लाइन एका ड्रॉइंगवर, बिल्ज लाइन (तळाशी साचलेलं पाणी उपसायची) दुसऱ्यावर. फायर लाइनवाला फिटर पुढून मागे जहाजभर फिरणार, त्याच्या मागे बिल्जवाला, आणि एकाने टाकलेला पाइप दुसरा कापणार. आता ड्रॉइंग ब्लॉकप्रमाणे, झोनप्रमाणे काढायला लागले. एका ठिकाणी, एका टप्प्यावर, एका गँगने करायचं काम, त्याला लागणारा सगळा माल आणि त्याचीच ड्रॉइंग हे एकत्र एका पॅलेटवर. पॅलेट म्हणजे नुसती लाकडी चौकट समजू नकोस, ती कामाची मोजणी करायची एकक झाली. पॅलेट पूर्ण भरली का, वेळेवर पोचली का, किती मॅनअवरमध्ये (माणसांच्या एकूण कामाच्या तासांत) संपली, एवढं कळलं की फोरमनला आणि मॅनेजरला एकच आकडा दिसतो, दोघांच्या वेगवेगळ्या वह्या राहत नाहीत.

दुसरं त्यांनी केलं ते अॅक्युरसी कंट्रोल. ब्लॉक जोडताना बसला नाही तर कापता यावा म्हणून कडेला जास्तीचं स्टील ठेवायची सगळीकडे पद्धत होती, आपल्याकडे त्याला मार्जिन म्हणतात. ती मार्जिन नंतर स्लिपवेवर गॅस कटरने कापायची, पुन्हा फिटअप, पुन्हा वेल्डिंग, आणि हे सगळं आठवाल्या टप्प्यावर. जपान्यांनी प्रत्येक टप्प्यावर मापं घेऊन त्यांचं स्टॅटिस्टिक्स ठेवलं, वेल्डिंगने प्लेट किती आक्रसते ते आधीच कटिंगमध्ये धरलं, आणि हळूहळू मार्जिन ठेवायची गरजच कमी केली. १९५६ पर्यंत जपान ब्रिटनला मागे टाकून जगात पहिला झाला. म्हणून मी म्हणतो की त्यांची कंट्रोल सिस्टीम अकाउंट्स खात्यात जन्मलीच नाही, ती मोजपट्टी आणि पॅलेटमधून जन्मली आणि अकाउंट्सने ती नंतर स्वीकारली.

अमेरिकन नौदलाकडून मात्र दुसऱ्या जातीचा कंट्रोल आला, वरून खाली येणारा. पोलारिस क्षेपणास्त्राच्या कार्यक्रमासाठी १९५८ मध्ये पर्ट (कामांचा क्रम आणि लागणारा वेळ जाळ्यासारखा मांडायची पद्धत) आलं, १९६७ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडून खर्च आणि वेळापत्रक एकत्र बघायचे नियम आले ज्याला आज अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात. पुढे संशोधकांनी असंही लिहिलं की पोलारिसमध्ये पर्टचा उपयोग प्रत्यक्ष काम चालवायला कमी आणि बाहेरच्यांची ढवळाढवळ थोपवायला जास्त झाला. तुझ्या प्रोजेक्टला हा मुद्दा नक्की घे, कारण कंट्रोल सिस्टीमचं एक काम ग्राहकाला आणि सरकारला भरवसा देणं हेही असतं आणि ते काम खोटं नाही, फक्त त्याने ब्लॉक वेळेवर होत नाही.

आता आपल्याकडे ये. माझगावला १७७४ साली छोटी ड्राय डॉक झाली, १९३४ मध्ये माझगाव डॉक कंपनी झाली, १९६० मध्ये सरकारने घेतली आणि १९७२ मध्ये जुनी आयएनएस निलगिरी नौदलात दाखल झाली. भारतात एवढी मोठी आधुनिक युद्धनौका बांधण्याचा तो पहिलाच अनुभव, आधीची आकडेवारी नाही, मग फिक्स्ड किंमत सांगणार कोण आणि कशाच्या जोरावर? म्हणून नौदलाच्या जहाजांसाठी कॉस्ट-प्लस, म्हणजे जो काही रास्त खर्च होईल तो अधिक ठरलेला नफा. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता असं माझं ठाम मत आहे.

पण कॉस्ट-प्लसचा कंट्रोलवर काय परिणाम होतो तो बघ. यार्डातलं सगळं कॉस्टिंग एका प्रश्नाभोवती फिरायला लागतं, हा खर्च ग्राहकाकडून मंजूर होईल का? टाइम ऑफिस, जॉब कार्ड, वर्क ऑर्डर, ओव्हरहेड रेट, हे सगळं व्यवस्थित असतं, ऑडिटला एक कागद कमी पडत नाही, म्हणजे सिस्टीम नाही असं कोणी म्हणू शकत नाही. पण मॅनअवरचं बुकिंग ज्या वर्क ऑर्डरवर व्हायचं ती असायची सिस्टीमवार, आणि काम चालायचं जागेवार. शनिवारी चार्जहँड (टोळीचा मुकादम) बसून आठवड्याचे तास जी ऑर्डर उघडी असेल तिच्यावर टाकणार. बेरीज बरोबर, वाटणी अंदाजाने. मी कॉस्टिंगला आलो तेव्हा आमच्या यार्डात एका जहाजाच्या बंद व्हायला आलेल्या ऑर्डरवर तास शिल्लक होते म्हणून भलत्याच कामाचे तास तिथे चढलेले दिसायचे. कोणी चोरी करत नव्हतं, माणसं प्रामाणिक होती, पण त्या आकड्यावरून पुढच्या जहाजाचा अंदाज काढायचा म्हटलं की पायाच कच्चा. देशी युद्धनौकांच्या बांधणीवर कॅगचा (सरकारी हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा) अहवाल आला होता २०१०-११ मध्ये, त्यात उशीर, वाढलेला खर्च आणि कॉस्ट-प्लस यांवर बरंच आहे, तो मिळवून वाच. त्यात हेही दिसेल की उशिराचं कारण एकटं यार्ड नसतं, जहाज बांधणं सुरू आहे आणि कुठलं शस्त्र बसणार ते अजून ठरतंय अशी परिस्थिती असते, तेव्हा उत्तम प्लॅनरसुद्धा काही करू शकत नाही.

पुढे करार फिक्स्ड प्राइसकडे सरकत गेले आणि त्याच सुमाराला माझगावला ३०० टन उचलणारी गोलायथ क्रेन आणि मॉड्यूल शॉप (मोठे ब्लॉक छताखाली बांधायची जागा) आलं, म्हणजे मी वर सांगितलेल्या दोन्ही गोष्टी बदलल्या. पी-१७ए या फ्रिगेट युद्धनौकांच्या मालिकेत ब्लॉक पातळीलाच जास्तीत जास्त आउटफिटिंग (पाइप, केबल, यंत्रं बसवणं) करायची पद्धत घेतली. त्यातली पहिली नवी निलगिरी सप्टेंबर २०१९ ला लाँच होऊन डिसेंबर २०२४ ला नौदलाच्या ताब्यात गेली, म्हणजे सुमारे ६३ महिने (यात कोविडही आला). त्याच यार्डातली पुढची उदयगिरी मे २०२२ ला लाँच होऊन जुलै २०२५ ला दिली, ३७ महिने. पहिल्या जहाजावर डिझाईन आणि ट्रायलचा सगळा भार असतो हे धरूनसुद्धा हा फरक मोठा आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

आता मोजमापाबद्दल, कारण यार्डात सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, बहुतेक वेळा नकळत. प्रगती टनात मोजली की सगळे जाड प्लेटचे, सरळ, मधल्या भागातले ब्लॉक आधी उचलतात. पुढच्या-मागच्या टोकाचे वाकडे, हलके आणि वेळखाऊ ब्लॉक मागे राहतात. रिपोर्टमध्ये हल (जहाजाचा सांगाडा) ८० टक्के झालं म्हणून दिसतं आणि राहिलेल्या २० टक्क्यांत अर्धे मॅनअवर गेलेले असतात. तसंच माइलस्टोन पेमेंटचं, म्हणजे ठरलेला टप्पा गाठला की हप्ता. लाँचिंगवर मोठा हप्ता असेल तर जहाज लाँच होणारच, आत पाइप लागलेत की नाही याची वाट कोणी बघत नाही, आणि मग तेच काम धक्क्याला उभ्या जहाजात आठपट तासांत करायचं. हप्ता मिळाला म्हणून कॅश फ्लो छान, नफा गेलेला असतो पण तो कळतो दीड वर्षाने.

हे केवढ्या थराला जाऊ शकतं त्याचं उदाहरण कोरियाचं. देवू शिपबिल्डिंग हे जगातल्या सगळ्यात मोठ्या यार्डांपैकी एक, आता हानव्हा ओशन नावाने चालतं. २०१० च्या दशकात ऑफशोअरच्या मोठ्या कामांत एकूण खर्चाचा अंदाज कमी धरला, मग झालेला खर्च त्या कमी अंदाजाच्या मानाने जास्त टक्के दिसतो, आणि पर्सेंटेज कंप्लिशनच्या (काम जितके टक्के झालं तितकं उत्पन्न धरायच्या) नियमाने तेवढं उत्पन्न आधीच पुस्तकात येतं. घोटाळा काही लाख कोटी वॉनचा निघाला आणि माजी मुख्य अधिकाऱ्याला तुरुंगात जावं लागलं. त्यांच्याकडे सॉफ्टवेअर, ब्लॉक पद्धत, क्रेन, सगळं उत्तम होतं. उरलेल्या कामाचा अंदाज कोण काढतो आणि तो अंदाज नफ्याचं टार्गेट असलेल्या माणसाच्या हाताखाली आहे का, हे कुठलंच सॉफ्टवेअर बघत नाही. म्हणून 'उरलेलं काम किती' हा आकडा प्लॅनिंगने ब्लॉकवर जाऊन काढावा आणि अकाउंट्सने तो तसाच घ्यावा, या मुद्द्यावर मी आयुष्यभर भांडलो.

छोट्या यार्डाचा प्रश्न. मांडवी-झुवारीच्या काठावर जी यार्डं खनिजाच्या बार्जवर वाढली त्यांचा कंट्रोल बघ, मालक स्वतः सकाळी फिरणार, फॅब्रिकेशन काँट्रॅक्टरला किलोच्या भावाने पैसे, स्टीलचं रजिस्टर, आणि भंगाराचं वजन. आलेलं स्टील वजा भंगार वजा बार्जचं वजन, काही गायब असेल तर लगेच कळतं. सारख्याच बार्ज पुन्हा पुन्हा बांधायच्या, त्याला हे पुरेसं आणि स्वस्त, त्यात हसण्यासारखं काही नाही. २०१२ ला गोव्यात खाणी बंद झाल्या तशी बार्जची मागणी आटली, आणि काही यार्डांनी परदेशी मालकांची किंवा सरकारी ऑर्डर घेतली. तिथे क्लासचा (जहाज नियमाप्रमाणे बांधलंय का ते तपासणाऱ्या संस्थेचा) सर्वेयर, मालकाचा इन्स्पेक्टर, प्रत्येक टप्प्यावर इन्स्पेक्शनची सही, उशीर झाला तर दंड. आता किलोचा भाव अंगावर येतो, कारण काँट्रॅक्टरला टन दिसतात आणि सर्वेयरला वेल्ड. रिवर्क (चुकलेलं काम पुन्हा करणं) कोणाच्या खिशातून जाणार यावर रोज वाद.

अशा यार्डाने ईआरपी घ्यावं का? माझं उत्तर, आधी एक जहाज वहीवर किंवा एक्सेलवर नीट चालवून दाखवा. प्रत्येक ब्लॉकला नंबर द्या आणि तोच नंबर ड्रॉइंगवर, मालाच्या चिठ्ठीवर, काँट्रॅक्टरच्या बिलावर आणि इन्स्पेक्शनच्या कागदावर असला पाहिजे. हेच एक काम सगळ्यात अवघड जातं, कारण स्टोअरवाले मालाच्या कोडने, डिझाईनवाले ड्रॉइंग नंबरने आणि काँट्रॅक्टर 'इंजिन रूमची डावी बाजू' असं बोलत असतो. काँट्रॅक्टरचा दर टनावर ठेवायचाच असेल तर एक भाग ब्लॉक पास झाल्यावरच द्या, आणि वाकड्या ब्लॉकचा दर वेगळा ठेवा. काँट्रॅक्टरची माणसं किती आणि कुठल्या ब्लॉकवर होती हे रोज लिहा, पैसे टनावर देत असाल तरी लिहा, नाहीतर पुढच्या टेंडरला तास किती लागले ते कोणाला विचारणार? रिवर्कचे तास वेगळे लिहा, आणि ते लिहिणाऱ्या सुपरवायझरला त्यावरून झापू नका, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून ते शून्य दिसतील.

टेंडरचा अंदाज मात्र सिस्टीमवारच राहील, कारण जुन्या जहाजांची माहिती त्याच रूपात असते आणि ग्राहकही तसंच विचारतो. म्हणून सिस्टीमवार अंदाज आणि ब्लॉकवार प्रत्यक्ष यांची सांगड घालणारा एक तक्ता लागतो, उभ्या रांगेत ब्लॉक आणि आडव्या रांगेत स्टील, पाइप, केबल, पेंट. हा तक्ता प्लॅनिंग आणि कॉस्टिंगने शेजारी बसून करायचा असतो, सल्लागाराकडून विकत घेऊन तो कधीच बसत नाही. एका जहाजावर तो शेवटपर्यंत टिकला की मग खुशाल ईआरपी घ्या, वेंडरला हाच तक्ता दाखवा आणि विचारा की तुमच्याकडे हा असाच चालेल का. पहिल्याच बैठकीत तो तुमचे ब्लॉक त्याच्या कोडमध्ये बसवायला लागला तर दुसरा वेंडर बघा.